सांगण्यापुरती राजदूत

आसरा पुलाच्या उतारावर आबासाहेबांनी ब्रेकवर पाय दाबला आणि पाय नुसताच खाली गेला. बाजारात ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर मागून हात टाकावा आणि वळून बघणारा चेहरा परका निघावा, तसं त्यांच्या तळपायाला झालं. पुन्हा दाबला. पुन्हा पाय गेला, बदल्यात काही आलं नाही. हातातला पुढचा ब्रेक आवळला, तर तो लग्नमांडवात दूरच्या पाहुण्याचा हात धरावा तेवढाच धरत होता, बोटांच्या टोकांनी, रीत म्हणून. राजदूत फटफटी उतरत राहिली. टाकीचा लाल रंग सकाळच्या उन्हात झळकत होता, हँडलला खंडेनवमीच्या झेंडूची वाळलेली माळ हलत होती, आणि पुलाच्या पायथ्याशी, रहदारी तुंबली होती तिथं, कडब्यानं शिगोशीग भरलेला एक टेम्पो पाठ करून निवांत उभा होता. आबासाहेबांना भीती वाटली नाही. वाटली ती लाज. एकाहत्तराव्या वर्षी, इस्त्रीचा शर्ट घालून, आपण एका टेम्पोत घुसणार. त्यांनी गीअर खाली पाडले, दोन्ही पाय सोडून चपला डांबरावर घासल्या, एका चपलेचा अंगठा तुटला, गाडी कुरकुरत, मनात नसल्यासारखी मंदावली, आणि पुढचं चाक बंपरला टेकता टेकता आबासाहेबांचं डोकं खांद्यापर्यंत कडब्यात गेलं. आत अंधार होता आणि वास होता. त्यांच्या मोडनिंबच्या मळ्यातल्या गंजीचा, उन्हानं भाजलेल्या ज्वारीच्या ताटांचा वास. क्षणभर त्यांना बाहेर यावंसंच वाटेना. आत होतं तोवर काही घडलेलं नव्हतं. मग टेम्पोवाला उतरून आला, त्यानं आधी आपला बंपर बघितला, मग आबासाहेबांना मागून शर्टाला धरून ओढलं आणि अगदी आस्थेनं विचारलं, "क्या चच्चा, कडबा खानेकू आये क्या?"

आजूबाजूचे हसले. आबासाहेबही हसले. हसणाऱ्यांत सामील व्हायची त्यांना जुनी सवय. पण गाडी बाजूला घेताना त्यांनी वाकून ब्रेकचा दांडा हातानं हलवला, आणि तो इतका सहज, इतका बिनतक्रार हलला की त्यांनी तो पुन्हा एकदा हलवून बघितला. घरापासून पुलापर्यंत सपाट रस्ता. जिथं थांबायची वेळ आली तिथं गाडी आपोआप बंद पडत आली होती, आणि हा आपण थांबवल्याचाच भाग आहे अशी आबासाहेबांची समजूत झाली होती. म्हणजे निघाल्यापासून ते ब्रेक नसलेल्या गाडीवर बसून, डाव्या-उजव्या हाताला ओळखीच्यांना मान लववत, ऐटीत चालले होते. पहिल्या गीअरमध्ये, रस्त्याच्या कडेकडेनं, एक पाय जमिनीला घासत ते जुळे सोलापूरला घरी परत आले. वैजयंती भिशीला गेली होती. ती असती तर ते निघालेच नसते. तिची पाठ वळल्यावर त्यांनी बाटलीतून पेट्रोल आणलं होतं, त्यात ऑइल मिसळलं होतं, आणि गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेऊन मगच किक मारली होती. बायकोला चोरून जाण्यासारखं त्यात काय होतं, हे त्यांनी स्वतःला विचारलं नव्हतं. आता विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पडवीत बसून मागचं चाक खोलायला घेतलं.

हे चाक त्यांनी उभ्या आयुष्यात कितीदा खोललं असेल. चादरींचे नमुने मागं बांधून ते जिल्हाभर फिरायचे तेव्हा पंक्चर, चेन, ब्रेक हे सगळं रस्त्याच्या कडेला बाभळीच्या सावलीत व्हायचं. बोटांना अजून ठाऊक होतं. नट फिरले, चाक सुटलं, ड्रमचं झाकण एका हिसक्यात निघालं. आणि आबासाहेब बघत राहिले. आत काही नव्हतं. झिजलेलं, तेलकट झालेलं, तुटलेलं असं काही असायला हवं होतं. दोन अर्धचंद्रासारखे ब्रेक शू, त्यांना ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा. काही नाही. उलट आतून चंदेरी रंग मारलेला होता, छान, दोन हात देऊन. त्यांनी दांडा दाबून बघितला. झाकणाच्या आतला कॅम, शूंना फाकवून ड्रमवर दाबणारा तो लोखंडाचा चपटा तुकडा, तो इमानानं फिरला. डावीकडं वळला, उजवीकडं वळला. ढकलायला समोर कुणीच नाही, तरी आपलं काम करत होता. आबासाहेबांनी ते पुन्हा पुन्हा करून बघितलं. दांडा दाबायचा, कॅम वळायचा. हे हलणं त्यांनी कुठंतरी बघितलं होतं, रोज बघितलं होतं, आणि कुठं ते आठवलं तेव्हा त्यांनी हात काढून घेतला. कट्ट्यावर माना अशाच हलायच्या.

कट्टा म्हणजे कुमठा नाक्याजवळ रेवणसिद्धच्या चहाच्या टपरीमागची दगडी पायरी. तिथं एक रिवाज होता, कुणी सुरू केला ते आता कुणालाच माहीत नाही: जो दुसऱ्याच्या बोलण्याला खोटं म्हणेल त्यानं सगळ्यांना चहा पाजायचा. एकेकाळी निवडणुकीच्या हाणामाऱ्या टाळण्यासाठी काढलेली ही तोड आबासाहेबांच्या पथ्यावर पडली. त्यांनी त्या पायरीवर बसून सांगितलं होतं की नान्नजच्या माळावर एक माळढोक त्यांच्या राजदूतबरोबर धावला, दमला, आणि शेवटी मागच्या सीटवर पंख मिटून बसून मोहोळपर्यंत आला, उतरताना मान तुकवून गेला. त्यांनी सांगितलं होतं की होटगीहून मालगाडीशी शर्यत लावली तेव्हा गार्डनं मालगाडीला लाल आणि त्यांना हिरवा बावटा दाखवला. मोडनिंबहून दुधाची कासंडी बांधून निघावं तर सोलापुरात लोणी उतरायचं, आणि वाटेतल्या खड्ड्यांच्या हिशोबानं कधी लोणी, कधी तूप. सगळे गंभीर चेहऱ्यानं ऐकायचे. रेवणसिद्ध गाळणं झटकत म्हणायचा, "व्हय की." मग दुसरा म्हणायचा, "व्हय की, खड्डं हाईतच तसं." आबासाहेबांना काही कळत नव्हतं असं नाही. माळढोक सीटवर बसत नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. पण त्यांचा एक हिशोब होता, तो त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवला नव्हता: माणसं माळढोक सोडून देत असतील, गार्ड सोडून देत असतील, पण खालची गाडी तरी खरी धरत असतील. हा माणूस उन्हातान्हात, पावसाचिखलात या रस्त्यांवर फिरला, याचा हात ॲक्सिलरेटरवर होता, एवढं तर रुपयातले चार आणे धरून त्यांनी पदरात ठेवलं असेल. त्या चार आण्यांवर आबासाहेब आयुष्यभर मालकासारखे बसले होते.

ते तसेच उठले. झाकण पिशवीत घातलं, तुटक्या चपलेला सुतळी बांधली आणि रिक्षा करून संगमेशच्या गॅरेजवर गेले. संगमेश त्यांचा तरुणपणापासूनचा मित्र, अक्कलकोटकडचा. राग आला की पान्याशी कानडीत बोलायचा आणि माणसाशी गप्प बसायचा. राजदूत त्यानंच नवी केली होती. मोडनिंबच्या शेडमध्ये खताच्या पोत्यांखाली ती वर्षानुवर्षं पडली होती, सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या; शिवराजनं, म्हणजे आबासाहेबांच्या पुण्यातल्या मुलानं, ती टेम्पोत घालून संगमेशकडं पोचवली, बाबांना दसऱ्याची भेट म्हणून. पावसाळाभर आबासाहेब त्या गॅरेजमध्ये स्टुलावर बसून राहिले. टाकीचा पोचा निघताना बघितला, चाकांच्या तारा एकेक वाजवून ताणताना ऐकल्या. आणि रोज, न चुकता, उठताना म्हणाले, ब्रेक नीट कर रे संगमेश, मला ही चालवायची हाय, वैजयंतीला मागं बसवून कुर्डुवाडीला जायचं हाय. संगमेश मान वर न करता म्हणायचा, "व्हय की." खंडेनवमीला गाडी आली तीसुद्धा टेम्पोतून आली. तेव्हा त्यांना वाटलं होतं, नवा रंग आहे, धूळ बसू नये म्हणून जपून आणली. चाकाखाली लिंबू चिरडलं गेलं तेही ढकलून. सगळ्यांनी फोटो काढले. आबासाहेब सीटवर बसले, जागच्या जागी मूठ पिळली, फटफट आवाज झाला, सोसायटीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि वैजयंतीनं त्यांना ओवाळलं. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी एक समाधान होतं, मूर्ती आसनावर नीट बसली की येतं तसं. आता रिक्षात बसल्यावर तो चेहरा त्यांना पुन्हा दिसला.

संगमेश एका स्कुटीच्या पोटात हात घालून बसला होता. आबासाहेबांनी झाकण त्याच्यासमोर फरशीवर ठेवलं आणि शू कुठं आहेत म्हणून विचारलं. संगमेशनं झाकणाकडं बघितलं, मग वर आबासाहेबांकडं. त्यांच्या कानामागं कडब्याचं एक पात अजून अडकलेलं होतं.

"चालवलास व्हय?" तो म्हणाला.

त्या आवाजात घाबरणं नव्हतं, चोरी पकडली गेल्याचंही काही नव्हतं. नवल होतं. आणि आबासाहेबांना लागलं ते हेच. लहान मूल पहिल्यांदा उभं राहिलं की घरात जे नवल उठतं, तेच.

"मी तुला सांगत होतो की नाही, चालवणार म्हणून."

"सांगत होतास की. रोज सांगत होतास." संगमेशनं हात चिंधीला पुसले, सावकाश, बोट न् बोट. "माळढोकाचं बी सांगितला होतास. आबा, तू कवातरी साधं म्हटला असतास, बाबा रे, ब्रेक बसव, तर मी बसवलो असतो. तू सांगायला बसलास. कुर्डुवाडी, वैनी मागं, वाऱ्यावर पदर. मला वाटलं, नवी गोष्ट तयार करायलाय."

मग तो बाकीचं बोलला, जरा घाईनं, एकदाचं सांगून टाकावं तसं. वैनी दोनदा येऊन गेल्या होत्या. त्यांचं बोलणं तेवढ्यापुरतं असतं म्हणाल्या, गाडी पडवीत उभी राहील, चार माणसं येतील, बघतील, त्यांना बरं वाटेल. तुम्ही दिसायला चांगली करा. राजदूतचे शू बाजारात मिळत नव्हते, शूवर लायनरची घासपट्टी लावणारा माणूस मिळत नव्हता. मग म्हटलं, उभ्या गाडीला कशाला. पुढच्या चाकात जुनेच शू ठेवले, हातातला ब्रेक अगदीच ढिला लागू नये म्हणून. आतनं रंग मात्र मारला, कवा कुणी खोललंच तर गलिच्छ दिसू नये. हे शेवटचं सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता. आबासाहेबांनी विचारलं, पुढं कडबा नसता, सिमेंटची गाडी असती तर? संगमेशचा खालचा ओठ हलला आणि तो स्कुटीकडं वळून पान्याला कानडीत काहीतरी म्हणाला. मग पाठमोराच म्हणाला, चुकलं. आणि पाना फिरवता फिरवता म्हणाला की हे कट्ट्यावर नको काढूस. आबासाहेबांना हसू आलं, खरंखुरं. काढलं असतं तरी काय होतं? ब्रेकच नसलेली गाडी, आतून चंदेरी रंग, पुलाचा उतार आणि कडब्याचा टेम्पो. रेवणसिद्धनं गाळणं झटकलं असतं आणि म्हणाला असता, व्हय की.

घरी आले तेव्हा वैजयंती परतली होती आणि शेंगाची चटणी कुटत होती. खलबत्त्याचा आवाज फाटकापासूनच येत होता, ठाय लयीत, लसणाच्या वासाबरोबर. पडवीत चाक निघालेली गाडी तिनं बघितली असणारच, तरी बत्ता तसाच चालू होता. ते तिच्यासमोर पाटावर बसले. रागवायचं म्हणून बसले होते. पण या बाईवर कधी मोठ्यानं रागावल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि आता एकाएकी ते कसं करायचं हे सुचेना. त्यांनी नुसतं विचारलं की संगमेशला काय सांगितलंस. तिनं लपवलं नाही. म्हणाली, तुम्ही चालवणार नाही म्हणून सांगितलं. का? तर तिनं बत्ता धरलेल्या हाताच्या मनगटानं कपाळावरची बट मागं सारली आणि विचारलं, "चालवणार होता का?" तिला खरंच माहिती हवी होती. त्या प्रश्नात टोमणा असता तर बरं झालं असतं.

मग आबासाहेबांनी जे कधी तिच्यासमोर काढलं नव्हतं ते काढलं. कुर्डुवाडी. लग्नाचं पहिलंच वर्ष. तिची आई अंथरुणाला खिळल्याचा निरोप आला, आगगाडीला अवकाश होता, आणि त्यांनी राजदूत काढली. पहाट. मोहोळच्या पुढं धुकं इतकं की हेडलाइटचा उजेड परत तोंडावर यायचा. तिनं दोन्ही हातांनी त्यांचं पोट धरलेलं, हनुवटी पाठीत रुतलेली, आणि तिच्या हातातली एक बांगडी प्रत्येक खड्ड्याला त्यांच्या बरगडीखाली टोचायची. ते टोचणं त्यांना इतक्या वर्षांनी जागेसकट आठवत होतं. पाठीवरचा कापडाचा ओलावा आठवत होता. ती रडत होती की दव होतं हे त्यांनी तेव्हाही विचारलं नव्हतं. सगळ्या गोष्टी त्यांनी कट्ट्यावर फुगवल्या, ही मात्र कमीत कमी फुगवली. वेग थोडा वाढवला असेल, धुक्यात एखादा लांडगा घातला असेल. पण बांगडी नाही. बांगडी त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. त्या चार आण्यांतला सगळ्यात खणखणीत आणा हा होता, आणि त्याला साक्षीदार होती. ती समोर बसली होती.

"मी तुला बसवून नेलं होतं की नाही कुर्डुवाडीला?" ते म्हणाले.

बत्ता थांबला. वैजयंती त्यांच्याकडं बघत राहिली. आधी काही समजून न घेता, मग समजून घेत, मग थोडी दया येऊन.

"आपण एस.टी.नं गेलो होतो," ती म्हणाली. "मला खिडकी मिळाली नव्हती. मोहोळच्या पुढं मला उलटी झाली, तुमच्या धोतराच्या पिशवीत. तुम्ही तिथं कंडक्टरशी भांडलात." आणि जरा थांबून, त्यांना बरं वाटावं म्हणून, "तुम्ही कट्ट्यावर तसं सांगता, ठाऊक आहे मला. रेवणसिद्धची बायको विचारत होती. मी व्हय म्हटलं. मी कधी कुणापाशी तुमचं खोटं पाडलेलं नाही."

ती पुन्हा कुटायला लागली. आबासाहेबांनी आठवून बघितलं. पिशवी. धोतराची पिशवी होती खरी, निळ्या कडांची, आणि ती नंतर कधीच दिसली नव्हती हेही खरं. कंडक्टरचा चेहरा येईना, पण आपला आवाज चढलेला कानात कुठंतरी होता, लांबचा, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. म्हणजे धुकं कुठलं? ती हनुवटी कुणाची? त्यांनी बरगडीखाली हात नेला. जागा होती. पण जागा काय, स्वतःलाच सांगत सांगत तयार होते. दगडावर रोज पाय पडला की पायरी होते. एकेक मुक्काम ते आता तपासू लागले, नान्नज, मोडनिंब, अक्कलकोटचा पावसाळा, एकेकावर पाय दाबून बघू लागले, आणि काही ठिकाणी लागलं, काही ठिकाणी पाय नुसताच खाली गेला. मित्रानं फसवलं हे समजून घेता आलं असतं. बायकोनं आपल्याला लहान मुलासारखं खेळणं आणून दिलं, तेही गिळता आलं असतं. पण आपणही आपल्याला व्हय की म्हणत आलो, इतकी वर्षं, मान हलवत, चहा लागू नये म्हणून, हे कुणावर रागावून सांगायचं? त्या दुपारी ते जेवले, झोपले, उठले, टीव्हीसमोर बसले. कट्ट्यावर गेले नाहीत. वैजयंतीनं कपाळाला हात लावून बघितला.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा संगमेशच्या स्टुलावर जाऊन बसले. दुसऱ्या मेस्त्रीकडं जाता आलं असतं. पण राजदूतचं काम आता येतं कुणाला, आणि खरं म्हणजे त्यांना तोच हवा होता. ज्यानं फसवलं त्याच्याच हातावर जीव टाकायचा, आणि तो हात काय करतो ते डोळ्यात तेल घालून बघायचं. संगमेशनं ओळखी काढून कुठूनतरी शू मागवले. लायनर रिबीट मारून आणले, कडा कानशीनं किंचित उतरवल्या, दांडा दाबताच चाक एकदम जखडू नये म्हणून. ड्रममधला चंदेरी रंग खरवडून काढताना त्याला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. मग ड्रमला आतून खडू फासला, शू बसवून चाक फिरवलं, उघडलं, आणि लायनरवर जिथं जिथं पांढरं उमटलं होतं तेवढंच घासलं. पुन्हा खडू, पुन्हा घासणं. पांढरेपणा एका कडेवरून हळूहळू सगळ्या लायनरभर पसरेपर्यंत. पुढच्या चाकालाही तसंच. टायरना काळं पॉलिश होतं पण खाली रबर शिळ्या भाकरीसारखं तडकलेलं. आबासाहेबांनी नखानं एक कपची काढून दाखवली, संगमेशनं मुकाट्यानं टायर बदलले. केबल नवी, चेन नवी. पूर्वी हे सगळं चालू असताना आबासाहेबांच्या तोंडाची टकळी चालू असायची. आता ते बोलत नव्हते. संगमेशला ते सोसेना. दोनदा त्यानं आपणहून विषय काढला, होटगीच्या मालगाडीचं काय झालं हुतं रं, तो गार्ड. आबासाहेब म्हणाले, काय नाही, गाडी गेली. संगमेश त्यांच्याकडं बघत राहिला, आणि हातातला पाना निसटला.

गाडी तयार झाली तेव्हा आबासाहेब सीटवर बसले आणि म्हणाले, ये, मागं बस, बघूया धरतो का. संगमेशनं गॅरेजकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. म्हणाला, गिऱ्हाईक यायचं हाय. थोड्या वेळानं म्हणाला, ब्रेकची खात्री हाय मला, आबा, तसलं काय न्हाय. म्हणजे खात्री कुणाची नाही ते दोघांनाही समजलं. आबासाहेबांनी मान हलवली. गाडी त्यांनी टेम्पोत घालू दिली, पडवीत उतरवून घेतली, वरून जुनी चादरही टाकली. वैजयंतीनं चादर बघितली आणि तिला बरं वाटलं.

ती नात्यातल्या साखरपुड्याला दिवसभरासाठी बाहेर गेली त्या दिवशी त्यांनी चादर काढली. पुलाकडं न जाता होटगीचा रस्ता धरला. वस्ती सरली, विमानतळाची लांबच लांब भिंत सरली, आणि दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी ज्वारी आली. रस्ता रिकामा होता. त्यांनी वेग घेतला. फार नाही, तिसऱ्या गीअरात, पोटात गाडीची थरथर पोचेल इतका. आणि ब्रेक दाबला. पहिल्यांदा मऊ लागला, ओल्या लाकडासारखा. पुन्हा वेग, पुन्हा दाबला. नवा लायनर ड्रमशी ओळख करून घेत होता, आधी लाजत, मग थोडं खरखरत. पुन्हा. पुन्हा. कितीदा ते त्यांनी मोजलं नाही. मग एकदा पाय गेला आणि तिथं कुणीतरी होतं. ठाम. मागून कमरेला धरून ठेवल्यासारखं. गाडी सरळ रेषेत, जराही न घसरता थांबली, आणि इंजिन बंद झाल्यावर ज्वारीतून वारा जाताना ऐकू आलं. तापलेल्या लायनरचा एक वास येत होता, जळक्या शेणीसारखा, उग्र. आबासाहेबांनी दोन्ही पाय जमिनीवर टेकले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते वाऱ्यानं की कशानं, हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला.

बांधावर एक बाई शेळ्या राखत बसली होती. तिनं एकदा बघितलं आणि शेळीला हाकारलं. बस, एवढंच. आणि लगेच, ते बघत असतानाच, बाई उठून उभी राहिली, तिच्या शेळ्या रांगेत उभ्या राहिल्या, मागं आणखी बायका आल्या, एकीनं डोक्यावरची पाटी उतरवून टाळी वाजवली, आणि रस्त्यावर त्यांच्या टायरचा असा काळा पट्टा उमटला की दुसऱ्या दिवशी सडक खात्याचा साहेब मोजायला आला. आबासाहेबांना ते वाक्य ओठांपर्यंत आलेलं जाणवलं. जिभेला त्याची चव आली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. बाई बसलेलीच होती. शेळ्या चरत होत्या. रस्त्यावर पट्टा नव्हता. एक माणूस राजदूत चालवत आला होता आणि त्यानं ती थांबवली होती. याच्यापुढं एक अक्षरही नको होतं. एक जरी घातलं, तरी हेही त्या धुक्यात जाऊन बसणार. ते बराच वेळ तिथं तसेच उभे होते, तोंड मिटून, काहीतरी सांडू नये म्हणून धरून ठेवणाऱ्या माणसासारखे. मग किक मारली आणि सावकाश घरी आले.

वैजयंती दिवेलागणीला परतली. पातळ बदललं, चूल पेटवावी तसा गॅस पेटवला, साखरपुड्यात कोण आलं होतं, जिलेबी कशी होती ते सांगितलं. भाकरी थापता थापता तिनं विचारलं की तुम्ही दिवसभर काय केलंत, कुठं गेला होता का.

"कुठं नाही," आबासाहेब म्हणाले. "घरातच होतो. गाडी पुसली जरा."

त्यांनी तिच्या चेहऱ्याकडं नीट बघितलं. आयुष्यभर ज्या चेहऱ्यांसमोर ते बोलत आले त्यांवर शेवटी एक बारीक हालचाल यायची, डोळ्यांच्या कोपऱ्यात, सोडून दिल्याची. ती आली नाही. तिनं ते ऐकलं आणि खरं मानलं, उद्या पाणी येणार नाही हे मानावं तसं, दुसरा विचार न करता. भाकरी उलटली, कड दाबली, ती फुगली.

"बरं केलंत," ती म्हणाली. "ऊन लई होतं. या हात धुवून."

आबासाहेब मोरीत गेले. नळ सोडला. हातांना लायनरचा वास अजून होता. त्यांनी साबण लावला, धुतलं, हुंगलं, आणि तिला येऊ नये म्हणून पुन्हा लावला, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून, कोपरापर्यंत.